केव्हीएम आर्म६४ वर मॉड्युल का नाही? करायचंच झालं तर काय काय हलवावं लागेल?

मुळाकाठचा (धागाकर्ता)

एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर, केव्हीएमच्या (लिनक्स कर्नलमधला हायपरवायझर, व्हर्च्युअल मशिनं म्हणजे व्हीएम चालवणारा भाग) कोडमध्ये हात घालणाऱ्यांना एक सोय अंगवळणी पडलेली असते. कोड बदलायचा, तेवढंच मॉड्युल (चालत्या कर्नलमध्ये चढवता-उतरवता येणारा तुकडा) बांधायचं, चालू व्हीएम बंद करायची, जुनं मॉड्युल काढून नवं चढवायचं, की लगेच तपासणी सुरू. केव्हीएम.केओ हा सामाईक भाग, त्याच्या जोडीला प्रोसेसरप्रमाणे केव्हीएम-इंटेल.केओ किंवा केव्हीएम-एएमडी.केओ.

आर्म६४ वर ही सोय नाही. केकॉन्फिगमध्ये (कर्नल बांधतानाच्या पर्यायांच्या यादीत) केव्हीएमसमोर ‘वाय’ किंवा ‘एन’ एवढंच लिहिता येतं, ‘एम’ म्हणजे मॉड्युल चालत नाही. हायपरवायझर कर्नलच्या इमेजमध्येच भरलेला असतो. कित्येक वर्षं आर्चच्या कोडमध्ये बाहेर पडण्याच्या फंक्शनवर एक टिप्पणी होती, ‘नॉप: कंपायलिंग अ‍ॅज अ मॉड्युल नॉट सपोर्टेड’. म्हणजे निर्णय माहीत असून घेतलेला होता. आर्मवरचा केव्हीएम २०१३ सालचा, ३२-बिटसाठी लिनक्स ३.९ मध्ये आणि ६४-बिटसाठी ३.११ मध्ये आला. एक्स८६ चा नमुना तेव्हा सहा वर्षांपासून डोळ्यांसमोर होता. तरीही तो उचलला नाही, याला कारण आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. अख्खा केव्हीएम मॉड्युल करायचा हट्ट धरू नये. ईएल२ मध्ये (आर्म प्रोसेसरची हायपरवायझरसाठीची अधिकार-पातळी) जाण्या-येण्याचा जो छोटा भाग आहे तो कर्नलमध्येच राहू द्यावा आणि उरलेला, म्हणजे बहुतांश कोड मॉड्युलमध्ये न्यावा. रेघ कुठे ओढायची यावरच बोलायला हवं.

आर्मवर ईएल० मध्ये आपले प्रोग्राम, ईएल१ मध्ये कर्नल, ईएल२ मध्ये हायपरवायझर आणि ईएल३ मध्ये फर्मवेअर, अशी उतरंड आहे. मूळ आर्म ८.० च्या रचनेत ईएल२ ही लिनक्ससारख्या पूर्ण कर्नलला राहण्याजोगी जागा नव्हती. तिथे पेज टेबलांचा (व्हर्च्युअल पत्त्यावरून फिजिकल पत्ता काढणारी कोष्टकं) एकच बेस रजिस्टर, म्हणजे पत्त्यांचा फक्त खालचा पट्टा. कर्नल तर वरच्या पट्ट्यातल्या पत्त्यांवर राहणारा. म्हणून कोलंबिया विद्यापीठात क्रिस्टोफर डाल आणि मंडळींनी केव्हीएमचे दोन तुकडे केले. मोठा तुकडा ईएल१ मध्ये कर्नलसोबत, त्याला ते हायव्हायझर म्हणत. ईएल२ मध्ये उतरणारा लहानसा तुकडा म्हणजे लोव्हायझर.

लोव्हायझरला स्वतःची वेगळी पेज टेबलं लागतात. कर्नलमधला एखादा पत्ता तिथे तसाच वापरता येत नाही. ‘कर्न_हिप_व्हीए’ नावाचं गणित करून तो बदलावा लागतो. हे गणित दर वेळी कोष्टकात पाहून होत नाही. बूट होताना एक मास्क ठरतो आणि तो थेट मशीन इन्स्ट्रक्शनांमध्ये लिहिला जातो. शिवाय ईएल२ चा एमएमयू (पत्त्यांचं भाषांतर करणारा भाग) चालू करणारा कोड असतो, तो ‘आयडेंटिटी मॅप’मध्ये असावा लागतो, म्हणजे त्याचा व्हर्च्युअल आणि फिजिकल पत्ता एकच. कर्नलच्या लिंकर स्क्रिप्टमध्ये यासाठी वेगळा विभाग आहे आणि तो एका पानात मावला नाही तर लिंकिंगच अडतं.

आता मॉड्युलचं बघा. मॉड्युलची मेमरी व्हीमॅलॉकच्या जातीची. व्हर्च्युअल पत्ते सलग, पण खालची फिजिकल पानं कुठली कुठे विखुरलेली. ‘कर्न_हिप_व्हीए’ला सरळ, लीनियर मॅपमधला पत्ता हवा असतो, तिथे हा पत्ता दिला तर उत्तर चुकीचं येतं. लिंकर स्क्रिप्ट कर्नलच्या इमेजची, मॉड्युलला ती लागू नाही. बूटच्या वेळचं पॅचिंग तर मॉड्युल चढेपर्यंत कधीच उरकलेलं असतं.

व्हीएचई (व्हर्च्युअलायझेशन होस्ट एक्स्टेन्शन्स) आल्यावर, म्हणजे आर्म ८.१ पासून, चित्र पालटलं. अशा प्रोसेसरवर अख्खा कर्नलच ईएल२ मध्ये बसतो. तिथे लोव्हायझर-हायव्हायझर अशी फाळणी नाही, वेगळी पेज टेबलं नाहीत, पत्त्यांचं गणित नाही. कर्नलला दिसतं ते सगळं दिसतं, मॉड्युलची मेमरीसुद्धा. तेव्हा नुसता व्हीएचईपुरता विचार केला तर मॉड्युल करणं हे बरंचसं सफाईकाम आहे. कष्टाचं आहे, पण अशक्य नाही.

रिस्क-व्हीवर हे झालेलं आहे. अनुप पटेल यांनी पुढे नेलेला तिथला केव्हीएम लिनक्स ५.१६ मध्ये आला, आणि तो पहिल्यापासून मॉड्युल म्हणून बांधता येतो. हायपरवायझर एक्स्टेन्शन असलं की कर्नल आधीच एचएस-मोडमध्ये असतो, व्हीएचईसारखाच.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. विरोधी मतंही हवी आहेत.

---

जुना_सिसॅडमिन

धागा आवडला. मी केव्हीएम वापरणारा माणूस, लिहिणारा नाही, तेव्हा वापरणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

मॉड्युल असण्याचा खरा फायदा मला ‘नको तेव्हा नाही’ यात वाटतो. आमच्याकडे कित्येक सर्व्हर नुसते डेटाबेस चालवतात. त्यांवर व्हीएम कधीच उभं राहणार नाही. एक्स८६ वर मी अशा मशिनवर केव्हीएम ब्लॅकलिस्ट करून टाकतो. मग त्यात उद्या एखादं भोक सापडलं तरी त्या मशिनची झोप उडत नाही. आर्म सर्व्हरवर हेच करायला गेलो तर वितरणाच्या तयार कर्नलमध्ये केव्हीएम आतच. डिव्हाइस फाइलच्या परवानग्या आवळता येतात, पण कोड मेमरीत आहे तो आहेच.

दुसरी गोष्ट. मॉड्युल असलं की ते कधी चढतं आणि चढल्यावर लगेच काय करतं, याचेही परिणाम असतात. लिनक्स ६.१२ येईपर्यंत केव्हीएम-इंटेल चढलं तरी प्रोसेसरचा व्हीएमएक्स मोड (इंटेलचा व्हर्च्युअलायझेशन मोड) पहिलं व्हीएम सुरू होईपर्यंत बंद असायचा. ६.१२ पासून मॉड्युल चढताक्षणीच तो चालू होतो. परिणाम असा की व्हर्च्युअलबॉक्स सुरूच होईना. ‘व्हीएमएक्स रूट मोडमध्ये आहे’ अशी तक्रार करून थांबायचा, आणि ज्यांनी केव्हीएमला कधी हातही लावला नव्हता अशा लोकांना ती दिसली. उपाय दोन, मॉड्युल काढा किंवा ‘केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_अ‍ॅट_लोड=०’ द्या. मॉड्युल असल्यामुळे पहिला उपाय तरी हाताशी होता.

---

शिकाऊ_केतकी

मी सध्या कर्नल शिकते आहे, त्यामुळे प्रश्न साधे असतील.

१. माझ्या रास्पबेरी पाय ५ वर बूटच्या लॉगमध्ये ‘केव्हीएम [१]: व्हीएचई मोड इनिशियलाइज्ड सक्सेसफुली’ अशी ओळ येते. मैत्रिणीच्या पाय ४ वर व्हीएचईऐवजी ‘हिप’ मोड असं येतं. हा तोच फरक का?

२. त्या चौकटी कंसातला १ कशाचा? केव्हीएमची आवृत्ती म्हणावी तर दोन्हीकडे १ च आहे.

३. व्हीएचई नसलेल्या प्रोसेसरवरची चर्चा बाजूला ठेवून फक्त व्हीएचईसाठी मॉड्युल केलं तर चालणार नाही का?

---

मुळाकाठचा

@शिकाऊ_केतकी, दुसऱ्या प्रश्नावर खूश झालो, कारण या धाग्याचा अख्खा विषय त्या एका आकड्यात आहे.

तो प्रोसेस क्रमांक आहे. केव्हीएमचा संदेश छापणारा मॅक्रो त्या क्षणी चालू असलेल्या टास्कचा पीआयडी सोबत छापतो. केव्हीएम कर्नलमध्येच भरलेला असतो तेव्हा त्याची सुरुवात बूटच्या इनिटकॉलमध्ये होते आणि त्या चालवणारी प्रोसेस क्रमांक १. मॉड्युल असतं तर तिथे मॉडप्रोबचा पीआयडी दिसला असता, तीन-चार आकडी काहीतरी. रिस्क-व्हीवर केव्हीएम मॉड्युल म्हणून चढवून बघा, कंसात १ दिसणार नाही.

पहिल्याचं उत्तर हो. पाय ४ मध्ये कॉर्टेक्स-ए७२ आहे, तो ८.० चा, म्हणून फाळणीवाला रस्ता. पाय ५ मध्ये कॉर्टेक्स-ए७६, तो ८.२ चा, म्हणून व्हीएचई.

तिसऱ्याबद्दल: तांत्रिकदृष्ट्या चालेल. पण मुख्य कर्नलमध्ये ते घेणं अवघड जाईल असं मला वाटतं. वितरणवाल्यांना सगळ्या ६४-बिट मशिनांसाठी एकच कर्नल बांधायचा असतो. ‘एम’ निवडल्यावर ए५३ आणि ए७२ वरचा केव्हीएम गायब होणार असेल तर ते ‘एम’ निवडणारच नाहीत. आणि एक मोठा गट असा आहे ज्याला व्हीएचईचं हार्डवेअर असूनही मुद्दाम फाळणीवाला रस्ताच हवा असतो. पीकेव्हीएमवाले (प्रोटेक्टेड केव्हीएम).

---

ट्रॅप_फ्रेम

पीकेव्हीएमचं नाव निघालंच आहे, तर मी विरोधी बाजू मांडतो.

पीकेव्हीएमची भूमिका अशी की लिनक्सच्या कर्नलवरही पूर्ण भरवसा ठेवायचा नाही. कर्नल ईएल१ मध्ये राहील, ईएल२ मध्ये एक छोटा, नीट तपासलेला हायपरवायझर राहील, आणि पाहुण्या व्हीएमची मेमरी कर्नललाही वाचता येणार नाही. अँड्रॉइड १३ च्या काळात पिक्सेल फोनांत हे प्रत्यक्ष आलं. मुख्य लिनक्समध्ये ‘केव्हीएम-आर्म.मोड=प्रोटेक्टेड’ देऊन हा मोड मागता येतो.

आता बूटचा क्रम बघा. बूटलोडर कर्नलला ईएल२ मध्ये सोडतो. कर्नल तिथे एक लहानसा ‘हिप-स्टब’ बसवतो आणि स्वतः ईएल१ मध्ये उतरतो. या स्टबला मोजक्याच गोष्टी कळतात. व्हेक्टर (ईएल२ मध्ये शिरल्यावर कुठला कोड चालायचा ते पत्ते) बदलून दे, व्हेक्टर मूळपदावर आण, नव्या कर्नलमध्ये उडी मार, अशा. तो विचारत नाही की मागणारा कोण. ईएल१ मध्ये जो कोड चालतोय त्याने एचव्हीसी (ईएल२ ला हाक मारणारी इन्स्ट्रक्शन) केलं की तो ईएल२ चं दार उघडून देतो.

केव्हीएम बूटमध्येच सुरू होतो तेव्हा हे दार बाहेरचं कुणी येण्याआधीच लागतं. पीकेव्हीएममध्ये तर ते कायमचं लागतं. मॉड्युल केलं तर? यूजरस्पेस उठलं, नेटवर्क उठलं, कुणीतरी लॉगिन झालं, आणि दार अजून उघडंच. या मधल्या काळात कर्नलमध्ये घुसलेला माणूस स्वतःचा हायपरवायझर आधी बसवू शकतो. त्यानंतर चढलेलं केव्हीएम मॉड्युल त्याच्या मुठीत. २००६ मध्ये योआना रुटकोव्स्का यांनी ‘ब्लू पिल’ दाखवलं होतं, चालत्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या खाली हायपरवायझर सरकवून. इथे तर आपण त्यासाठी जागा मोकळी सोडतोय.

आणखी एक. पीकेव्हीएमला स्वतःसाठी मेमरी लागते, ती बूटच्या अगदी सुरुवातीला मेमब्लॉकमधून (बूटच्या सुरुवातीला मेमरी वाटणारा भाग) राखून ठेवली जाते. मॉड्युल चढायच्या वेळी मेमब्लॉकचा काळ संपलेला असतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. फाळणीवाल्या मोडमध्ये केव्हीएम कर्नलमध्येच असावा.

---

वैनगंगा

@ट्रॅप_फ्रेम, मुद्दा मान्य. पण अँड्रॉइडवाल्यांनी उलट दिशेने हाच प्रश्न सोडवलाय, तो इथे नोंदवायला हवा. त्यांच्या कर्नलमध्ये हायपरवायझर आतच आहे, पण त्या हायपरवायझरमध्ये चिप बनवणाऱ्यांना स्वतःची मॉड्युलं चढवता येतात. कारण प्रत्येक चिपचा आयओएमएमयू (उपकरणांसाठी पत्त्यांचं भाषांतर करणारा भाग) वेगळा, वीज सांभाळायची पद्धत वेगळी, आणि ते सगळं कोणी एका सामाईक कर्नलमध्ये भरून ठेवणार नाही.

त्यांनी अट घातली ती वेळेची. ‘केव्हीएम-आर्म.प्रोटेक्टेड_मॉड्युल्स’ या बूट पॅरामीटरमध्ये नावं द्यायची, ती मॉड्युलं अगदी लवकर, कर्नलचे ईएल२ वरचे अधिकार काढून घेण्याआधी चढतात. नंतर दार बंद. म्हणजे ‘मॉड्युल’ आणि ‘बूटनंतर केव्हाही चढणारं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकच धरून चाललो तर चर्चा अडकेल.

---

सह्याद्रीवारा

वाचनखूण साठवली. मराठीत असं वाचायला मिळत नाही. सवडीने पुन्हा वाचेन.

---

लिंकर_स्क्रिप्ट

धागाकर्त्याची ‘थोडं आत, बाकी बाहेर’ ही कल्पना पॉवरपीसीवर प्रत्यक्षात आलेली आहे, आणि आपल्या प्रश्नाशी तिचं इतकं साम्य आहे की थोडं सविस्तर लिहितो.

आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवर केव्हीएमचे दोन प्रकार. एचव्ही हा हार्डवेअरच्या हायपरवायझर मोडवर चालणारा आणि पीआर हा पाहुण्याला यूजर मोडमध्ये चालवणारा. दोन्हींपैकी एकच कर्नलमध्ये भरता यायचा. २०१३ मध्ये अनीश कुमार यांच्या पॅचमालिकेने दोन्हींची मॉड्युलं केली, केव्हीएम-एचव्ही.केओ आणि केव्हीएम-पीआर.केओ, आणि कुठलं व्हीएम कशावर चालवायचं हे निवडता येऊ लागलं.

पण एचव्हीचा एक भाग ‘रिअल मोड’मध्ये चालतो, म्हणजे पत्त्यांचं भाषांतर बंद. पाहुण्याच्या आत-बाहेर होतानाचा कळीचा असेंब्ली कोड तिथलाच. भाषांतर बंद असताना व्हीमॅलॉकमधला पत्ता निरर्थक. मॉड्युल तर व्हीमॅलॉकमध्ये. ‘मुळाकाठचा’ यांनी आर्मबद्दल जे लिहिलं त्याचंच हे जुळं भावंड.

त्यांनी काय केलं? रिअल मोडचा असेंब्ली कोड आणि त्यातून बोलावली जाणारी फंक्शनं कर्नलमध्येच ठेवली. त्या फाइलच्या नावातच ‘बिल्टइन’ आहे. पाहुण्याच्या हॅश पेज टेबलासाठी मोठी सलग मेमरी लागते, ती बूटच्या वेळी राखावी लागते, म्हणून तेही आतच राहिलं. बाकी सगळं, व्हीएम बनवणं, आयऑक्टल हाताळणं, यूजरस्पेसशी बोलणं, मॉड्युलमध्ये गेलं.

आर्मवर हीच वाटणी करायची तर आत काय राहील ते जवळजवळ ठरलेलंच आहे. हिप-स्टब, आयडेंटिटी मॅपमधला कोड, फाळणीवाल्या मोडचा सगळा ईएल२ ऑब्जेक्ट. हा ऑब्जेक्ट आजही वेगळाच बांधला जातो. त्यातल्या प्रत्येक सिम्बॉलला ‘__केव्हीएम_एनव्हीएचई_’ असा उपसर्ग लावला जातो, जेणेकरून कर्नलच्या कोडशी तो चुकूनही जोडला जाऊ नये. २०२० मध्ये हे काम झालं. त्यांनी ते सुरक्षेसाठी केलं, पण मॉड्युलच्या वाटणीसाठी रेघ आयतीच आखून मिळाली आहे.

---

म्युनिकवासी

जेलहाऊसचा उल्लेख नाही झाला म्हणून लिहितो. इथे औद्योगिक क्षेत्रात त्याच्याशी माझा संबंध आला.

सीमेन्समध्ये यान किस्का यांनी सुरू केलेला हा हायपरवायझर २०१३ मध्ये जाहीर झाला. लिनक्स नेहमीसारखा बूट होतो, मग जेलहाऊसचं मॉड्युल चढतं, ‘जेलहाऊस एनेबल’ म्हटलं की हायपरवायझर लिनक्सच्या खाली सरकतो आणि ज्याने त्याला बसवलं तो लिनक्सच त्याची पहिली कोठडी होतो. एखादा कोअर काढून त्यावर रिअल-टाइम काम वेगळं चालवता येतं. बंद केलं की लिनक्स पुन्हा मोकळा.

इथे मॉड्युल फक्त वाहक आहे. हायपरवायझर स्वतः वेगळी बायनरी, वेगळी पेज टेबलं, आणि तिच्यासाठी बूटच्या वेळीच बाजूला ठेवलेली सलग मेमरी. त्यामुळे विखुरलेल्या पानांचा प्रश्न उद्भवत नाही. आर्मवर ईएल२ मध्ये शिरायला तो कर्नलचा तोच हिप-स्टब वापरतो.

त्रास कुठे झाला तर सिम्बॉलांपाशी. ड्रायव्हरला लागणारी काही फंक्शनं कर्नल एक्सपोर्ट करत नाही, म्हणजे मॉड्युलांना बोलावू देत नाही. ‘कॅलसिम्स_लुकअप_नेम’ वापरून ती शोधता यायची, लिनक्स ५.७ मध्ये त्याचाही एक्सपोर्ट काढला गेला. केव्हीएम मॉड्युल झालं तर हाच प्रश्न शंभर ठिकाणी येईल. एफपीयू आणि एसव्हीईची (दशांश आणि व्हेक्टर गणिताच्या रजिस्टरांची) अवस्था साठवणं, पेज टेबलांचे आतले हेल्पर, प्रोसेसरच्या चुकांवरचे उपाय, हे सगळं आज केव्हीएम हक्काने बोलावतो कारण तो घरचाच आहे. ती फंक्शनं एक्सपोर्ट केली की जगातलं कुठलंही मॉड्युल ती बोलावू शकतं. मेंटेनर मंडळी इथे कडक असतात आणि ते योग्यच आहे.

---

मुळाकाठचा

@म्युनिकवासी, एक्सपोर्टवर आता बरा तोडगा आला आहे. ठरावीक नावाच्या मॉड्युलांपुरताच सिम्बॉल उघडा करायची सोय मुख्य कर्नलमध्ये झाली आहे आणि एक्स८६ चा केव्हीएम स्वतःचे आतले सिम्बॉल त्याच पद्धतीने फक्त आपल्या मॉड्युलांपुरते ठेवतो. आर्मसाठी तेच वापरता येईल. यादी लांब होईल हे खरं, पण जगाला दार उघडायची गरज नाही.

@ट्रॅप_फ्रेम, तुमच्या मुद्द्यावर बराच विचार केला. @लिंकर_स्क्रिप्ट म्हणतात तशी वाटणी केली, म्हणजे ईएल२ चा अख्खा ऑब्जेक्ट आत ठेवला, तर तो बूटमध्येच बसवता येतो आणि दार तेव्हाच लावता येतं. मॉड्युल नंतर चढेल ते फक्त ईएल१ मधल्या हायव्हायझरचं. पीकेव्हीएमचा तर हेतूच असा की हायव्हायझरवर विश्वास ठेवायचा नाही. मग ज्याच्यावर विश्वास नाही तो उशिरा आला तरी ईएल२ मधल्याचं काय बिघडतं? मेमरी राखणं आणि ‘केव्हीएम-आर्म.मोड’ वाचणं हेही आतच राहील. ते राहायलाच हवं, कारण तो अर्ली पॅरामीटर आहे आणि मॉड्युलला अर्ली पॅरामीटर वाचता येत नाहीत.

---

ट्रॅप_फ्रेम

असं असेल तर माझा विरोध बराच मावळतो. एक अट मात्र ठेवतो. ईएल२ आणि मॉड्युल यांच्यातले एचव्हीसी कॉल मग एक इंटरफेस ठरतात. आज दोन्ही बाजू एकाच बिल्डमधून येतात म्हणून कॉलचे क्रमांक कसेही बदलता येतात. मॉड्युल वेगळं झालं की जुना ईएल२ आणि नवं मॉड्युल अशी जोडी जमायला नको. जुळत नसेल तर मॉड्युलने चढायला नकार द्यायला हवा.

---

रेफकाउंट

चढण्याबद्दल सगळे बोलताहेत, उतरण्याबद्दल कुणीच नाही. माझा अनुभव असा की मॉड्युलची खरी परीक्षा उतरताना होते.

एक्स८६ वरचंच उदाहरण घ्या, जिथे मॉड्युल २००७ पासून आहे. पाहुण्याला हवं असलेलं पान होस्टवर स्वॅपमध्ये गेलेलं असेल तर केव्हीएम ते काम वर्कक्यूमध्ये टाकून पाहुण्याला पुढे चालू देतो. हा वर्कर व्हीएमचा एक संदर्भ धरून बसायचा. व्हीएम बंद झालं, सगळ्यांनी हात सोडले, शेवटचा संदर्भ या वर्करकडे उरला. त्याने तो सोडला, त्यासरशी मॉड्युलची मोजणी शून्यावर आली, कुणीतरी त्याच क्षणी मॉड्युल काढलं, आणि वर्करची परतीची इन्स्ट्रक्शन अजून चालायची होती. ती जिथे होती ती मेमरीच गेली. हे दुरुस्त झालं २०२४ मध्ये. इतक्या वर्षांनी, इतक्या डोळ्यांखालून गेलेल्या कोडमध्ये.

आर्मवर उतरण्याचा रस्ता तर कुणी तुडवलेलाच नाही. प्रत्येक कोअरवरचे व्हेक्टर स्टबकडे परत द्यायचे, टायमरचं इंटरप्ट सोडायचं, व्हीजिकचं (पाहुण्यासाठीचा व्हर्च्युअल इंटरप्ट कंट्रोलर) इंटरप्ट सोडायचं, कोअर झोपून उठतो तेव्हाचे नोटिफायर काढायचे, परफचे कॉलबॅक काढायचे. यातलं काहीएक राहिलं तर महिनाभराने कुठेतरी मशीन पडेल आणि कारण सापडणार नाही.

माझी सूचना: पहिल्या टप्प्यात चढणारं पण न उतरणारं मॉड्युल करा. एक्झिट फंक्शन दिलंच नाही की कर्नल ते काढू देत नाही.

---

जुना_सिसॅडमिन

@रेफकाउंट, मला ही सूचना पटली. ब्लॅकलिस्ट करायला तेवढं पुरतं.

पण मोठ्या क्लाउडवाल्यांना उतरणंच हवं असणार ना? चालती व्हीएम न हलवता केव्हीएम बदलता यावा म्हणून.

---

लिंकर_स्क्रिप्ट

त्यांची मागणी त्याहून पुढची आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गुगलच्या अभियंत्यांनी एक्स८६ साठी एक प्रस्ताव मांडला होता, एकाच होस्टवर एकाच वेळी दोन केव्हीएम मॉड्युलं. जुनी व्हीएम जुन्यावर चालू राहतील, नवी नव्यावर जन्मतील. त्यासाठी प्रोसेसरचा व्हीएमएक्स चालू-बंद करणं यासारखा सामाईक, एकालाच मालकी देता येईल असा भाग त्यांनी ‘व्हॅक’ नावाच्या वेगळ्या तळाच्या मॉड्युलमध्ये काढला. तिथेही शेवटी तीच वाटणी: हार्डवेअरची एकमेव किल्ली सांभाळणारा लहान तुकडा खाली, बाकी वर.

---

शिकाऊ_केतकी

मी धीर करून बघितलं. केकॉन्फिगमध्ये ‘बूल’च्या जागी ‘ट्रायस्टेट’ लिहिलं आणि बांधायला घेतलं. दोन जागी अडलं.

पहिली जागा: कर्नल लिंक होताना ‘केव्हीएम_कम्प्यूट_लेआउट’ सापडत नाही म्हणाला. बोलावणारी फाइल एसएमपी.सी.

दुसरी: ‘व्हीजिक_सेट_केव्हीएम_इन्फो’ दोनदा व्याख्या केलंय म्हणाला. मी तर एकदाही केलेलं नाही.

दुसरीवर मी मॉड्युलमधल्या फंक्शनचं नाव बदललं आणि पहिलीतली ओळ इफडेफमध्ये टाकली. क्यूएमयूमध्ये (मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवून बघणार आहे. योग्य रस्त्यावर आहे का?

---

मुळाकाठचा

@शिकाऊ_केतकी, अगदी नेमक्या जागी जाऊन पोचलात. दोन्ही चुका सारख्या दिसतात पण उलट्या आहेत.

‘एम’ निवडलं की प्रीप्रोसेसरला ‘कॉन्फिग_केव्हीएम’ दिसत नाही, ‘कॉन्फिग_केव्हीएम_मॉड्युल’ दिसतं. ‘इज_एनेबल्ड’ हा मॅक्रो दोन्हींना होकार देतो, नुसता ‘इफडेफ’ फक्त पहिल्याला. एसएमपी.सी मध्ये ‘इज_एनेबल्ड’ आहे, म्हणून कर्नल मॉड्युलमधलं फंक्शन बोलावू पाहतो आणि लिंकर अडतो. जीआयसीच्या (आर्मचा इंटरप्ट कंट्रोलर) हेडरमध्ये ‘इफडेफ’ आहे, म्हणून तिथे केव्हीएम नसल्याचं समजून रिकामं इनलाइन फंक्शन येतं, आणि तुमच्या मॉड्युलमधल्या खऱ्या फंक्शनशी त्याची टक्कर होते.

पहिली चूक आरडाओरडा करते, ते बरं. दुसरीवर तुम्ही केलेला उपाय धोक्याचा आहे, कारण तो गप्प बसतो. जीआयसीचा ड्रायव्हर बूट होताना केव्हीएमला सांगतो की इंटरप्ट कंट्रोलर कुठला, त्याचे पत्ते काय. आता तो ती माहिती रिकाम्या फंक्शनला सांगेल. पुढे मॉड्युल चढेल, व्हीजिकची माहिती शोधेल, मिळणार नाही, ‘ईनोडेव्ह’ परत येईल. आणि केव्हीएमची सुरुवात करणारा कोड ईनोडेव्ह आलं तर ‘या मशिनवर व्हीजिक नाही’ असं समजून पुढे जातो, थांबत नाही. तुम्हाला सगळं यशस्वी झाल्याचा संदेश दिसेल. मग क्यूएमयू व्हीएम उठवताना कर्नलमधला इंटरप्ट कंट्रोलर मागेल आणि तिथे आपटेल. लॉगमध्ये त्या दोन घटनांचा संबंध कुठेही लिहिलेला नसेल.

बरोबर उपाय असा. ‘व्हीजिक_सेट_केव्हीएम_इन्फो’ आणि ते ज्यात माहिती ठेवतं तो स्ट्रक्चर, हे दोन्ही केव्हीएमच्या फोल्डरमधून उचलून नेहमी आत राहणाऱ्या फाइलमध्ये न्या. हेडरमधलं ‘इफडेफ’ बदलून ‘इज_एनेबल्ड’ करा. मॉड्युलने चढताना त्या फाइलकडून माहिती मागायची. आर्किटेक्टेड टायमरच्या ड्रायव्हरमध्ये हीच पद्धत आधीपासून आहे, माहिती ड्रायव्हरकडे राहते आणि केव्हीएम ती विचारतो. तो नमुना समोर ठेवा. ‘केव्हीएम_कम्प्यूट_लेआउट’ मात्र इफडेफने झाकू नका. ते ज्या फाइलमध्ये आहे ती अख्खी फाइल आत ठेवा. पॅचिंगच्या आधी मास्क ठरायलाच हवा.

क्यूएमयूसाठी ‘व्हर्ट’ मशीन घ्या आणि ‘व्हर्च्युअलायझेशन=ऑन’ द्या, नाहीतर पाहुण्याला ईएल२ मिळतच नाही. सीपीयू ‘मॅक्स’ दिला तर व्हीएचई मिळेल, ‘कॉर्टेक्स-ए५७’ दिला तर फाळणीवाला मोड. आधी ‘मॅक्स’वर काम जमवा. संथ चालेल, पण प्रत्येक चुकीमागे खरं मशीन पाडावं लागणार नाही. खऱ्या सर्व्हरवर जाल तेव्हा केएक्झेक वापरा. फर्मवेअरला वळसा घालून थेट नवा कर्नल चढतो, आणि हिप-स्टबच्या मदतीने तो पुन्हा ईएल२ मध्येच उतरतो.

---

रेफकाउंट

आणि एक्झिट फंक्शन अजून लिहू नका.

---

शिकाऊ_केतकी

व्हीजिकची माहिती वेगळ्या फाइलमध्ये नेली. लिंकर स्क्रिप्टमधले ‘इफडेफ’ अजून तसेच आहेत, त्यामुळे ‘कॉर्टेक्स-ए५७’वर बांधलेलं चालणार नाही याची कल्पना आहे. एक्सपोर्ट करायच्या सिम्बॉलांची यादी लांबलचक निघाली, ती सध्या सरसकट केली आहे, नंतर ठरावीक मॉड्युलापुरती करेन. ‘मॅक्स’वर चढलं, आणि व्हीजिकही सापडलं. लॉगची ओळ:

केव्हीएम [१४७]: व्हीएचई मोड इनिशियलाइज्ड सक्सेसफुली